क्रिल इतका आहे तर पकडला म्हणून काय बिघडतं?

प्रश्न म्हापशाच्या एका काकांचा आहे, काका म्हणते कारण रिटायर झालोय असं त्यांनी स्वतःच लिहिलंय. मुलाने दुबईहून क्रिल ऑइलच्या, म्हणजे क्रिल या कोळंबीसारख्या बारीक समुद्री जीवाच्या तेलाच्या गोळ्या आणल्या, त्या घ्याव्या की नाही म्हणून त्यांनी थोडं वाचलं आणि डोक्यात भुंगा शिरला. त्यांचं गणित असं: जगात क्रिल आहे ४०-५० कोटी टन, पकडतात वर्षाला ५-६ लाख टन, म्हणजे हजार किलोत किलो-दीड किलो, एवढ्याने काय होतंय? शिवाय गेल्या शतकात देवमासे मारून जवळजवळ संपवले, म्हणजे खाणारी तोंडंच गेली, तर क्रिल उलट उरून पडला असेल की. आणि आपल्याकडे गालमो, म्हणजे जवळा, पाट्या भरभरून येतो, सुकवून पुरुमेताला, म्हणजे पावसाळ्याच्या साठवणीला जातो, त्यावर कोणी चकार शब्द काढत नाही, मग त्या लांबच्या क्रिलसाठीच एवढा गळा का काढायचा? आणि जाता जाता, आपल्या समुद्रात क्रिल असतो का?

मी गोव्यातल्या एका लॅबमध्ये बरीच वर्षं प्लँक्टनचं काम करतेय, म्हणजे जाळ्यात आलेले बारीक जीव मायक्रोस्कोपखाली वेगळे काढायचे, ओळखायचे, मोजायचे. जास्त काम अरबी समुद्रातल्या कोपेपॉडवर, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या, कोळंबीच्या दूरच्या नात्यातल्या अगदी बारक्या जीवांवर, पण दक्षिण महासागराच्या मोहिमांतून आलेल्या बाटल्यासुद्धा हाताखालून गेल्यात त्यामुळे क्रिलशी ओळख आहे. काका, तुमचा भागाकार चुकलेला नाही. फक्त क्रिल खाणारा एकही प्राणी असा भागाकार करत नाही. पिल्लं घरट्यात असलेल्या पेंग्विनला अख्ख्या दक्षिण महासागरात क्रिल किती याच्याशी काही देणंघेणं नसतं, सकाळी निघून परत येईपर्यंत जेवढं पाणी पालथं घालता येतं तेवढ्यात क्रिल आहे का, हेच त्याला कळतं. म्हणून 'किती आहे' हा प्रश्न जरा बाजूला ठेवूया आणि 'कुठे आहे, कधी आहे, आणि त्याच वेळी तिथे आणखी कोण खायला आलंय' हा धरूया. बाकीच्या शंका त्यातूनच सुटत जातात, निदान बऱ्याचशा.

प्राण्याबद्दल पटकन सांगते कारण ते कुठेही वाचायला मिळेल. क्रिलच्या सुमारे ८५ जाती आहेत, पण बाटलीवर ज्याचं नाव असतं तो बहुतेक अंटार्क्टिक क्रिल, युफॉसिया सुपर्बा. लांबी जास्तीत जास्त ६ सेंटिमीटरच्या आसपास, वजन फार तर २ ग्रॅम, बघाल तर सरळ सुंगटच, म्हणजे कोळंबीच म्हणाल. ओळखायची आमची सोपी खूण म्हणजे कल्ले. कोळंबीचे कल्ले पाठीच्या कवचाखाली झाकलेले असतात, क्रिलचे खाली उघडे लोंबताना दिसतात, आणि अंगावर प्रकाश देणारे बारीक ठिपके असतात. पुढच्या पायांची जाळीदार टोपली करून तो पाण्यातलं शेवाळ, मुख्यतः डायटम, गाळून खातो, पण निव्वळ शाकाहारी नाही, कोपेपॉड मिळाले तर तेही सोडत नाही. आणि एवढासा असून ५-६ वर्षं जगतो. हे वय लक्षात ठेवा, खाली गालम्याची गोष्ट येईल तेव्हा लागणार आहे.

आता तुमच्या ४०-५० कोटीकडे येते, कारण हा आकडा कसा निघतो ते कोणी सांगत नाही आणि आमच्या धंद्यातली खरी डोकेदुखी तीच आहे. क्रिल समुद्रात सारखा पसरलेला नसतो, तो थव्याने राहतो, दाट थव्यात एका घनमीटर पाण्यात दहा-वीस हजार, कधी त्याहूनही जास्त, आणि थवा संपला की पुढे मैलोन् मैल काही नाही. त्यामुळे जाळं ओढलं तर एका जागी बाटलीत चमचाभर येतो आणि थोडं पुढे जाऊन ओढलं तर जाळ्याचं टोक उचलवत नाही. मग सरासरी कसली काढायची? त्यात क्रिलला डोळे चांगले असतात, दिवसाउजेडी जाळं येताना दिसलं तर बाजूला सरकतो, म्हणून त्याच जागी रात्रीचं सॅम्पल दिवसापेक्षा भरगच्च येऊ शकतं. (आमच्या कोपेपॉडची तऱ्हा वेगळी, ३०० मायक्रॉनची जाळी वापरली तर ओइथोनासारखे बारीक कोपेपॉड सगळे भोकातून निसटतात आणि मग कोणीतरी पेपरात लिहितं की इथे ओइथोना कमी आहेत!)

म्हणून क्रिलसाठी जाळ्यापेक्षा इको साउंडरवर भर असतो, जहाजाखालून आवाज सोडायचा आणि परत येणारा ऐकायचा. दोन फ्रिक्वेन्सी एकदम वापरतात, ३८ आणि १२० किलोहर्ट्झ, क्रिलचा थवा १२० वर जास्त ठळक दिसतो, त्या फरकावरून हा क्रिल आणि हे दुसरं काहीतरी असं वेगळं करता येतं. पण त्या आवाजाचं टनांत रूपांतर करायला एक क्रिल किती आवाज परतवतो हे धरावं लागतं, ते त्याच्या लांबीवर आणि पाण्यात तो कसा कलून पोहतोय त्यावर अवलंबून, तिथे थोडं इकडेतिकडे धरलं की एकूण आकडा कोट्यवधी टनांनी हलतो. सगळ्या दक्षिण महासागराचे अंदाज साधारण ३० ते ५० कोटी टन असे फिरत असतात ते यामुळे. आकडा खोटा आहे असं मी म्हणत नाही, पण किराणा तोलल्यासारखा तो तोललेला नाही एवढं ध्यानात असू द्या.

बरं, मासेमारी कुठे होते? अंटार्क्टिकाच्या चारी बाजूंना होत असेल असं वाटतं ना, तसं अजिबात नाही. जवळजवळ सगळी पकड दक्षिण अमेरिकेच्या खालच्या बाजूला, अंटार्क्टिक द्वीपकल्प, साउथ ऑर्कनी बेटं आणि साउथ जॉर्जिया या पट्ट्यात होते. नियम करणाऱ्या आयोगाच्या भाषेत तो विभाग ४८. हा आयोग १९८२ पासून आहे, सगळे त्याला कॅमलर म्हणतात, भारतही त्याचा सदस्य आहे. या विभागात २००० साली आणि पुन्हा २०१९ साली अनेक देशांच्या जहाजांनी मिळून मोजणी केली तेव्हा दोन्ही वेळा ६ कोटी टनांच्या आसपास क्रिल निघाला. म्हणजे पहिल्या फटक्यातच तुमच्या भागाकारातला खालचा आकडा ५० कोटीवरून ६ कोटीवर आला. तिथे कागदावर ५६ लाख टनांची मर्यादा आहे, पण प्रत्यक्षात ६ लाख २० हजार टनांवर मासेमारी थांबवायची असं ठरलेलं आहे, जोपर्यंत छोट्या छोट्या भागांत वाटणी नीट बसत नाही तोपर्यंत. ६ कोटीला ६ लाख म्हणजे एक टक्का. तुम्ही म्हणाल, एक टक्काच ना?

इथे आपल्या म्हापशाचंच उदाहरण घेते. गोवाभर सगळ्या बाजारांत मिळून मासळी भरपूर आहे असं समजा, पण शुक्रवारी सकाळी आठ वाजता एक टेम्पोवाला म्हापशाच्या बाजारात आला आणि तिथलीच सगळी टोपली उचलून गेला. गोव्याच्या हिशेबात त्याने एक टक्कासुद्धा नेली नाही. मडगावात बांगडे आहेत, वास्कोत आहेत, पण थिव्याहून पायी आलेल्या बाईला त्याचा काय उपयोग, तिची दुपारची कडी गेलीच की.

क्रिलचं तंतोतंत तसं होतं. जहाजं दाट थवे शोधत द्वीपकल्पाच्या सामुद्रधुन्यांमध्ये जमतात, ब्रान्सफिल्ड आणि गेर्लाश या दोन मुख्य, कारण तिथे थवे भरवशाचे असतात. आणि नेमके ज्या कारणाने जहाजं तिथे येतात त्याच कारणाने हंपबॅक देवमासे, पेंग्विन आणि सील तिथे येतात. पिल्लं असलेले पेंग्विन वसाहतीपासून फार लांब सहसा जात नाहीत, जाऊ शकतच नाहीत, परत येऊन भरवायचं असतं. देवमाशाला लांब जाता येतं पण त्यालाही विरळ क्रिल परवडत नाही. एवढं मोठं तोंड उघडून पाणी घ्यायचं, गाळायचं, यात खूप शक्ती जाते, म्हणून थवा ठरावीक दाट असेल तरच तो घास त्याला फायद्याचा पडतो. म्हणजे क्रिल संपायची गरजच नाही, थवे नुसते विस्कटले तरी त्याचं जेवण बिघडतं. लोक हा मुद्दा नेहमी विसरतात, टनांचा हिशेब करताना दाटपणा कुठे दिसत नाही ना.

म्हणूनच त्या ६ लाख २० हजारांची उपविभागांत वाटणी केलेली होती, द्वीपकल्पाच्या बाजूला १ लाख ५५ हजार टनांपेक्षा जास्त नाही, असं. ती वाटणी २०२४ मध्ये संपली आणि देशांचं एकमत न झाल्याने पुढे चालू राहिली नाही. कॅमलरमध्ये सगळं एकमताने चालतं, एक देश जरी अडून बसला तरी ठराव बारगळतो. मग २०२५ च्या हंगामात जहाजांनी ६ लाख २० हजारांचा एकूण आकडाच गाठला आणि एरवी नोव्हेंबरपर्यंत चालणारी मासेमारी ऑगस्टमध्ये बंद करावी लागली. बोंब कशासाठी विचारत होता ना, तर बोंब या वाटणीसाठी आहे. मला विचाराल तर एकूण कोटा आहे तेवढाच ठेवून वाटणी परत आणली तरी अर्ध्याहून जास्त भांडण मिटेल, पण मी प्लँक्टन मोजणारी बाई, मला टेबलावर कोण विचारतंय.

आणखी एक गोष्ट 'कधी'ची. क्रिलचं दरवर्षी सारखं पीक येत नाही. पिल्लांना पहिला हिवाळा काढायला समुद्रावरच्या बर्फाचा आधार लागतो, बर्फाच्या खालच्या बाजूला जे शेवाळ धरतं ते खरवडून ती जगतात. ज्या वर्षी बर्फ बरा त्या वर्षी पुढच्या उन्हाळ्यात पिल्लांची मोठी फळी दिसते, मग दोन-तीन-चार वर्षं विशेष काही नाही, मग परत. मोठे क्रिल तर अन्न नसलं की अंगाने आकसतात, कात टाकताना आधीच्यापेक्षा लहान होऊन निघतात, तेव्हा लांबीवरून वय सांगायला जावं तर फसायला होतं. अशा प्राण्याला चांगल्या वर्षाच्या आकड्यावर कोटा लावला तर वाईट वर्षी तोच कोटा जड जाणार. गेल्या काही दशकांत त्या भागात क्रिल कमी झालाय का यावर शास्त्रज्ञांत वाद आहे, जुन्या जाळ्यांचा डेटा घेऊन काहींनी घट दाखवली, तो दक्षिणेकडे सरकतोय असंही दाखवलं, तर काहींनी त्याच डेटाची वेगळी मांडणी करून घट दिसत नाही म्हटलं. जुन्या जाळ्यांच्या आकड्यांवर काम केलेल्या कोणालाही या वादाचं नवल वाटणार नाही. मला दक्षिणेकडे सरकण्याचा पुरावा घटीच्या पुराव्यापेक्षा भक्कम वाटतो.

आता देवमाशांचा मुद्दा, आणि हा प्रश्न खरंच छान आहे, कारण तुमच्यासारखाच विचार मोठमोठ्या लोकांनी केला होता. विसाव्या शतकात दक्षिण गोलार्धात वीस लाखांच्या आसपास देवमासे मारले गेले. १९७७ साली रिचर्ड लॉज या ब्रिटिश शास्त्रज्ञाने हिशेब मांडला की देवमासे गेल्यामुळे दरवर्षी १५ कोटी टन क्रिल न खाता उरत असणार. ते उरलेलं सील आणि पेंग्विन खातील, माणसंही पकडू शकतील, असा एकूण सूर होता, आणि सोव्हिएत जहाजं तेव्हा क्रिल पकडायला लागलीच होती. काही ठिकाणी तसं झालंही, साउथ जॉर्जियाचे फर सील भराभर वाढले. पण क्रिलचा म्हणावा तसा पूर आलेला कुठे दिसला नाही. उलट २०२१ मध्ये देवमाशांच्या अंगाला टॅग लावून ते दिवसाला नक्की किती खातात हे मोजलं गेलं तेव्हा कळलं की ते पूर्वीच्या अंदाजाच्या जवळजवळ तिप्पट खातात, आणि शिकार सुरू होण्याआधी तिथले देवमासे वर्षाला ४३ कोटी टन क्रिल खात असावेत. म्हणजे आज सगळा मिळून जेवढा क्रिल आहे तेवढा ते वर्षभरात फस्त करायचे! मग तेव्हा क्रिल आजच्यापेक्षा कितीतरी जास्त असणार, नाहीतर हिशेबच बसत नाही. खाणारे जास्त होते तेव्हा क्रिलही जास्त होता, ही गोम आहे.

याचं आज सगळ्यात जास्त मांडलं जाणारं कारण म्हणजे लोह. दक्षिण महासागरात नायट्रेट, फॉस्फेट भरपूर, पण पाण्यात विरघळलेलं लोह फार कमी, आणि लोहाशिवाय शेवाळ वाढत नाही. क्रिल शेवाळ खातो, लोह त्याच्या अंगात येतं, देवमासा क्रिल खातो आणि वर येऊन पृष्ठभागाजवळ विष्ठा सोडतो. २०१० साली मोजलं तेव्हा त्या विष्ठेत तिथल्या समुद्राच्या पाण्याच्या कोटीपट लोह निघालं. ते परत शेवाळाला मिळतं. म्हणजे देवमासा लोह वरच्या वर फिरतं ठेवतो. देवमासे काढून घेतले, त्यांच्या अंगातलं लोहही तेलाच्या कढयांत गेलं, फिरणं मंदावलं, शेवाळ कमी, म्हणून क्रिलही वाढेना. स्वतः क्रिलही हेच काम करतो, थोड्या प्रमाणात, काही क्रिल तळापर्यंत जाऊन चरतात आणि तिथलं लोह पोटातून वर आणतात.

मला ही थिअरी पटते, पण सगळं ओझं तिच्यावर टाकायला मी तयार नाही, आणि त्याचं कारण गोव्यातच आहे. २००९ मध्ये दोनापावल्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने जर्मन संस्थेबरोबर लोहाफेक्स नावाचा प्रयोग केला होता, पोलारस्टर्न जहाजावरून दक्षिण अटलांटिकमध्ये सुमारे ३०० चौरस किलोमीटर पाण्यात लोहाचं खत टाकलं आणि पुढे काय होतं ते आठवड्यामागून आठवडे बघितलं. शेवाळ वाढलं, पण डायटम वाढले नाहीत, कारण त्यांना कवचासाठी सिलिका लागते आणि ती त्या पाण्यात उरलेली नव्हती. जे बारीक शेवाळ वाढलं ते कोपेपॉडनी खाऊन टाकलं, कोपेपॉडच्या मागे त्यांना खाणारे, जरा मोठे अँफिपॉड आले, आणि कार्बन खोल तळाला जाईल ही जी आशा होती ती फारशी पुरी झाली नाही. म्हणजे नुसतं लोह असून भागत नाही, सिलिका हवी, तेव्हा तिथे कोण खायला आहे त्यावर पुढचं सगळं ठरतं. क्रिल असता तर गोष्ट वेगळी झाली असती का? कदाचित. म्हणून देवमासे, लोह आणि क्रिल हे चक्र खरं धरलं तरी ते प्रत्येक ठिकाणी सारखं फिरेल असं नाही, आणि बर्फ, सील, पाण्याचं तापमान हे सगळं त्यात लुडबुड करतंच.

थोडक्यात इथपर्यंतचं: तुमचा एक हजारांश हा आकडा मासेमारीच्या जागी लागू होत नाही, आणि 'खाणारे गेले म्हणून उरला' हे जमिनीवरच्या गवताला कधी लागू पडेल, तिथल्या पाण्याला पडलेलं दिसत नाही.

गालम्याबद्दल. इथे मात्र तुमच्या शंकेत तथ्य आहे आणि उत्तर 'अवलंबून आहे' असं आहे. जवळा म्हणजे असेटिस, तो क्रिल नाही, कोळंबीच्याच मोठ्या गटातला, दोन-चार सेंटिमीटरचा. तो वर्षभरसुद्धा जगत नाही आणि वर्षात त्याच्या एकाहून जास्त पिढ्या होतात, उबदार पाणी, पावसाळ्यात नद्यांतून येणारा गाळ आणि खत, सगळं जोरात. आज पकडलेला जवळा काही महिन्यांत भरून निघू शकतो, क्रिलच्या बाबतीत तीच तूट भरायला बर्फाचं एखादं चांगलं वर्ष यायची वाट बघावी लागते. म्हणून पकडलेल्या टनांची तुलना केली तर चित्र उलटसुलट होतं, वयाची तुलना करा.

पण म्हणून जवळ्याला अन्नसाखळीत किंमत नाही असं कोणी म्हणालं तर त्याला वर मुंबई-गुजरातच्या बाजूला पाठवा. तिथे डोल जाळ्यांत जवळा आणि बोंबील एकत्र येतात ते उगाच नाही, बोंबील त्याच्यावरच पोसतो, ढोमा आणि वागटीही त्यालाच खातात, पोटं फाडून बघितली की जवळा निघतोच. आणि जवळा काय खातो तर चिखलातला कुजका माल, डायटम, कोपेपॉड. म्हणजे ज्या कचऱ्याकडे मोठी मासळी बघणारही नाही त्याचं तो मासळीच्या घासात रूपांतर करतो. हे काम आपल्या किनाऱ्यावर तो फार मोठ्या प्रमाणात करतो. माझ्या मते आपल्याकडे चिंता जवळा किती काढला याची कमी आणि त्या बारीक जाळीत जवळ्याबरोबर दुसऱ्या मासळीची किती पिल्लं येतात याची जास्त करायला हवी. सुका गालमो किसमूर करायला घ्याल तेव्हा एकदा ताटलीत पसरून नीट निवडून बघा, त्यात बोटाच्या पेराएवढे मासे, खेकड्याची पिल्लं, काय काय असतं. कुठल्या महिन्यात, कुठल्या खाडीच्या तोंडाशी, केवढ्या भोकाची जाळी, यावर ते प्रमाण खूप बदलतं, तेव्हा सरसकट चांगलं किंवा वाईट मला म्हणता येणार नाही. जून-जुलैची बंदी आहे ती बरीच आहे, पण ती यांत्रिक होड्यांची, खाडीतल्या बारीक जाळ्यांना तिचा फारसा धाक नसतो.

गोळ्या घ्याव्या का? मी डॉक्टर नाही, म्हणून जेवढं माझ्या विषयात बसतं तेवढंच. पहिलं म्हणजे क्रिल हा कवचधारी प्राणी, घरात कोणाला सुंगटांची अ‍ॅलर्जी असेल तर त्या बाटलीला हात लावण्याआधी डॉक्टरला विचारा, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तरी विचारा. दुसरं, ओमेगा-३ मुळात तयार करतं ते शेवाळ, क्रिलकडे ते शेवाळातून येतं आणि आपल्या तारल्यांकडे, बांगड्यांकडेही तसंच येतं, डायटम आणि कोपेपॉड खाऊन. आठवड्याला दोन-तीनदा तारले-बांगडे खाणाऱ्या म्हापशेकराला अंटार्क्टिकाहून तेल मागवायचं काही कारण मला तरी दिसत नाही. तिसरं, काही कंपन्यांच्या मासेमारीला टिकाऊपणाची प्रमाणपत्रं आहेत, ती अगदीच पोकळ नाहीत, त्या जहाजांवर निरीक्षक असतात, पकडीची नोंद चोख असते, तरी सगळ्या जहाजांची गर्दी एका जागी होते हा प्रश्न एकेका कंपनीच्या प्रमाणपत्राने सुटत नाही. आणि हे पण सांगायला हवं की क्रिलचा मोठा भाग गोळ्यांत जातच नाही, त्याची पावडर होऊन मत्स्यशेतीतल्या सॅमनसारख्या माशांचं खाद्य होतं, त्यामुळे तुम्ही बाटली संपवलीत म्हणून पेंग्विन उपाशी मेला असं मनाला लावून घेऊ नका. आणलीच आहे मुलाने तर टाकून देऊ नका, परत आणू नको म्हणून सांगा.

राहिला आपला समुद्र. हो, क्रिल आहे, पण बारके, युफॉसियाच्याच दुसऱ्या जाती, आणि किनाऱ्यावर नाहीत, शेल्फ, म्हणजे किनाऱ्यालगतचा उथळ तळ, संपून पाणी खोल होतं तिथून पुढे. दिवसा खाली, रात्री वर असा त्यांचा रोजचा प्रवास असतो. अरबी समुद्रात त्यात एक भलतीच अडचण आहे, साधारण १५० मीटरपासून १००० मीटरपर्यंत पाण्यात ऑक्सिजन नावापुरता असतो, तरी काही जाती दिवसभर त्या गुदमरणाऱ्या थरात उतरून बसतात, कारण मोठे मासे तिथे मागे येत नाहीत. इथला सगळा डोलारा मात्र क्रिलवर नाही, कोपेपॉडवर आहे. अंटार्क्टिकात डायटम, क्रिल, देवमासा अशी दोन उड्यांत साखळी संपते म्हणून तिथे एवढे अजस्र प्राणी पोसले जातात. आपल्याकडे पावसाळ्यात खालचं गार पाणी वर येतं तेव्हा डायटम माजतात आणि तारल्यांची चैन होते, पण एरवी शेवाळ फार बारीक, ते आधी एकपेशीय जीव खाणार, त्यांना कोपेपॉड, कोपेपॉडला छोटी मासळी, तिला इसवण, म्हणजे सुरमई, आणि दर उडीला दहातले नऊ हिस्से वाया. म्हणून इसवणाचा भाव बघून रागावता तेव्हा एवढ्या उड्यांचा खर्च त्यात आहे असं समजा.

प्रत्यक्ष बघायची हौस असेल तर क्रिल मिळणार नाही पण बाकी मंडळी मिळतील. जुन्या मलमलीच्या किंवा बारीक नायलॉनच्या कापडाची निमुळती पिशवी शिवा, तोंडाला तारेची रिंग, टोकाला छोटी बाटली, आणि अंधार पडल्यावर भरतीच्या वेळी ओळखीच्या होडीवरून दहा मिनिटं हळूहळू ओढा. शाळकरी मायक्रोस्कोप पुरतो. उड्या मारणारे पांढरे ठिपके दिसतील ते कोपेपॉड, काचेसारखे लांबट दिसले तर मायसिड (हेही कोळंबीसारखे दिसणारे बारके जीव) किंवा जवळ्याची पिल्लं, बाणासारखे सरळ असतील ते या सगळ्यांना खाणारे. सप्टेंबर-ऑक्टोबरात करणार असाल तर लक्षात ठेवा, त्या दिवसांत आपल्या किनाऱ्यासमोर तळाजवळचा ऑक्सिजन फार उतरतो, तेव्हा पिशवी वरच्या थरातच ओढा, खाली बहुतेक रिकामीच येईल. बाटली भरली की लगेच बघा, गच्च भरलेली बाटली घरी नेऊन सकाळपर्यंत ठेवलीत तर सगळे मरतात आणि असा वास सुटतो की घरची मंडळी परत समुद्रावर जाऊ देणार नाहीत.